दुपट्याची पांढरी किनार

आमच्या हडपसरच्या सोसायटीत कुणाकडे बाळ आलं, की बी विंगमधल्या काकू क्रोशाचं दुपटं विणून देतात. लोकर मात्र उरलेलीच. कुणाचा अर्धा गुंडा, कुणाचा आखूड झालेला स्वेटर. आयटी कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात, तिथल्या बाकावर त्या विणत बसतात आणि मान वर न करता बोलतात. "काकू, रंग जुळत नाहीत हो," असं एकीने म्हटलं, तर म्हणाल्या, "या सोसायटीतली माणसं तरी कुठे जुळतात?"

दिवाळीनंतर माझ्या मुलीचं दुपटं होत आलं. पांढऱ्या किनारीची एकच बाजू उरली आणि लोकर संपली. मी हौसेने दुकानातून नवा गुंडा आणला. काकूंनी त्यावरची किंमत वाचली आणि गुंडा माझ्या पर्समध्ये परत ठेवला.

"एवढ्यात पूर्वी अख्खा स्वेटर व्हायचा. परत करून या. आणि विकतचं घातलं, तर हे सगळ्यांच्या घरचं कुठे राहिलं?"

मला रागच आला. एका गुंड्यासाठी एवढा ताठा!

दोन दिवसांनी दुपटं घरी आलं. किनार चारही बाजूंनी पांढरी.

"लोकर कुठे मिळाली?"

"होती घरात."

डिसेंबरात थंडी पडली. काकू त्यांचा नेहमीचा पांढरा स्वेटर घालून बाकावर विणत बसल्या होत्या. त्याची डावी बाही मनगटापर्यंत होती, आणि सुई धरलेल्या हाताची फक्त कोपरापर्यंत.