उजव्या हाताची फळी

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. माझ्या बायकोला तंबाखूची पुडी कुठल्या खिशात आहे ते नुसत्या वासावरून कळतं — पण या गोष्टीचा सुगावा तिलाही कधी लागला नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही दादांना ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्याच्या तोंडाकडे बघून हे मला सांगवणार नाही.

आधी दादांबद्दल बोलू द्या. मुद्दा टाळतोय म्हणा हवं तर — टाळतोयच.

शंकरदादा गांगुर्डे आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत शेवटच्या बैठ्या घरात राहायचे. मूळचे येवल्याकडचे. तरुणपणी हवाई दलात फिटर होते. विमान उडवणं त्यांचं काम नव्हतं. वैमानिक यायच्या आधी पहाटे इंजिन सुरू करून गरम करून ठेवायचं, हे त्यांचं काम. तेही अंधारात, दिवा न लावता. ती स्पिटफायर विमानं — एका माणसापुरती, नाकावर पंखा असलेली, लढाईची. केव्हाच भंगारात गेली ती. पण दादा रिटायर झाले आणि एके दिवशी मला म्हणाले, "पेंटर, आपन एक बांधू."

बांधू म्हणजे? विमान?

अख्खं नव्हे, वैमानिक बसतो तेवढी जागा. कॉकपिट. आणि नुसतं शोभेला नाही — घरच्या घरी उडवायचं! आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते. आमच्या कॉलनीत अजून कुणाकडे टीव्ही नव्हता, आणि हा माणूस पडवीत विमान उडवायला निघाला होता. लोक हसले. मीही हसलो. आणि महिन्याभरात माझी प्रत्येक संध्याकाळ त्या पडवीत जाऊ लागली.

काय माणूस होता हो! खोक्यांच्या लाकडाचा सांगाडा, वर पत्रा. बसायला भंगारातून आणलेली एसटीची सीट. स्कूटरचे मीटर, पाण्याच्या पंपाचे काटे, बिघडलेली गजराची घड्याळं — सगळं उघडून, आतून दोऱ्या आणि स्प्रिंगा लावून त्यांनी जिवंत केलं. दांडी मागे ओढली की उंचीचा काटा सरकायचा. समोर कापडाचा मोठा गुंडाळा होता, त्यावर मी वरून दिसणारं नाशिक रंगवलं होतं — गोदावरी, पांडवलेण्यांची टेकडी, गंगापूरचं धरण, पार त्र्यंबकच्या डोंगरापर्यंत. सुमनवहिनी, म्हणजे दादांची बायको, एका हाताने वाटाणे निवडत दुसऱ्या हाताने त्या गुंडाळ्याचं हँडल फिरवायच्या. "अहो, डोंगर आला, डोंगर! वर घ्या की!" असं त्या ओरडल्या की दादा दांडी ओढायचे, दोरीने कापडाची चौकट खाली जायची, आणि खरं सांगतो, मी अंग चोरून घ्यायचो. स्वतः रंगवलेल्या डोंगराला मी घाबरायचो!

आणि हे सगळं आठवणीतून. एक फोटो नाही, पुस्तक नाही. पंचवीस वर्षांपूर्वी अंधारात हाताने जे शिकले, ते त्यांच्या बोटांत जसंच्या तसं होतं. डोळे मिटायचे, हात पुढे करायचे, बोट जिथे थांबेल तिथे मला पेन्सिलची खूण करायला सांगायचे. तेच डोकं रविवारी विहारात. वंदना दादाच घ्यायचे, एक शब्द न अडखळता, पुस्तकाशिवाय. आपल्या आठवणीचा त्यांना अभिमान होता. दुसरा कसलाच नव्हता.

आता माझं. मी पाट्या रंगवायचो, आणि माझं खास काम काचेवरच्या पाट्यांचं. दवाखाने, वकील, सराफ. काचेची पाटी मागच्या बाजूने रंगवतात. अक्षरं उलटी काढायची, म्हणजे समोरून सुलटी दिसतात. त्यामुळे नक्षीचा कागद हातात आला की आधी तो पालथा घालायचा, ही माझ्या हाताला लागलेली खोड. विचार करावा लागत नाही, हात आपसूक करतो.

कळलं ना, गाडी कुठे चालली आहे?

बसणाऱ्याच्या उजव्या हाताला एक चौकोनी फळी यायची होती. तिच्यावर तीन काटे आणि एक दट्ट्या. इंजिन सुरू करण्याआधी हा दट्ट्या ओढून-दाबून आत पेट्रोल सोडायचं — दादांच्या रोजच्या पहाटेची सुरुवात त्यानेच व्हायची. दट्ट्या आतल्या बाजूला, गुडघ्याजवळ. काटे बाहेरच्या बाजूला. दादांनी पातळ कागदावर नीट आखून दिलं. मी तो दुकानात नेला, पालथा घातला, भोकं पाडली, काळा रंग दिला, काटे आणि दट्ट्या बसवले आणि फळी तयार करूनच घेऊन आलो. दादांनी हौसेने स्क्रू पिळले. डोळ्यांनी बघून त्यांना काही खटकलं नाही. खटकणार कसं? ते विमान त्यांनी डोळ्यांनी शिकलंच नव्हतं.

मग ते सीटवर बसले. वहिनींनी हँडल धरलं. दादांनी डोळे मिटले, उजवा हात गुडघ्याजवळ नेला — आणि बोटं काट्याच्या काचेवर आपटली.

परत नेला. परत काच.

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. अंधारात स्वतःच्या घरातलं दार सापडू नये, तसा. त्याच क्षणी मला समजलं. कागद पालथा गेला होता. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.

"कागदावर आसंच हुतं का रे, पेंटर?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. नुसतं विचारलं.

आणि मी म्हणालो, "तुम्ही काढलं तसंच केलंय, दादा."

झालं. एवढंच वाक्य. यात काय मोठंसं, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही तेव्हा तसंच वाटलं. 'बावळटासारखा कागद उलटा धरला' एवढं म्हटलं असतं तर ते पोट धरून हसले असते, वहिनींनी मला चार दिवस चिडवलं असतं, आणि चहा झाला असता. पण ज्याला कधी रेघ पुसावी लागत नाही असा पेंटर म्हणून गावात माझं नाव होतं. ते नाव मला त्या चहापेक्षा मोठं वाटलं.

कागद दाखव, असं दादा म्हणाले नाहीत. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी अविश्वास दाखवला तो स्वतःच्या हातावर. "हात म्हातारा झाला," म्हणाले, आणि रोज सीटवर बसून, डोळे मिटून, त्या हाताला चुकीची जागा शिकवू लागले. बोट काचेवर आपटलं की स्वतःच्याच मनगटावर चापट मारायचे. मी शेजारी बसून कापडावर ढग रंगवत असायचो.

पुढच्या वर्षी देवळालीला राहायला आलेले एक निवृत्त वैमानिक ते विमान बघायला आले. साहेबांनी जवानीत तीच विमानं उडवली होती. आत बसले. मग डोळे मिटून त्यांनी एकेका वस्तूवर हात ठेवायला सुरुवात केली. सगळं जागच्या जागी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी उजवा हात गुडघ्याजवळ गेला आणि काचेवर आपटला.

"गांगुर्डे, दट्ट्या इथे होता," साहेब हसून म्हणाले. "एवढं सोडलं तर कमाल केलीत तुम्ही."

आता तरी बोलायचं ना मी? दार उघडंच होतं. पण दादाच खाली मान घालून बोलले. "म्हंजी हाताला बराबर ठावं हुतं, साहेब. डोक्यानं दगा दिला. कागद मीच चुकीचा काढला."

मी नवी फळी कापली. या वेळी साहेबांच्या बोटाने खूण करून घेतली, कागदच नको म्हणून. फळी बसवून झाल्यावर दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या चुकीपायी तुला दुबार काम पडलं, पेंटर," म्हणाले. मी "असू द्या, दादा" म्हणालो. असू द्या! मीच मोठ्या मनाने माफ केलं त्यांना.

विमान त्यानंतरही उडत राहिलं. बाहेरगावची माणसं बघायला यायची, दादा सगळ्यांना बसवायचे, वहिनी हँडल फिरवायच्या. इतकं सुंदर काम मी उभ्या जन्मात दुसरं पाहिलं नाही. पण कुणी "हे सगळं आठवणीतून?" असं विचारलं की पूर्वी फुलणारे दादा आता "साहेबांनी सुधारून दिलं" म्हणायचे.

आणि एका रविवारी मी विहारात गेलो तर दादा वंदनेला पुस्तक घेऊन बसले होते. कुठेही अडखळले नव्हते, कुणी काही म्हणालं नव्हतं. तरी पुस्तक. एकेका ओळीखाली बोट धरून वाचत होते, पहिलीतल्या पोरासारखं. संपल्यावर बाहेर चपला घालताना मला म्हणाले, "डोक्याचा भरवसा नाय आता. बघून म्हनलेलं बरं."

त्यानंतर ते पुस्तक त्यांच्या हातातून सुटलं नाही. गेले, तेव्हा वहिनींनी ते त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. मी फुलं घेऊन गेलो होतो. फुलं वाहिली आणि घरी आलो.

कागद बरोबर होता. हात बरोबर होता. डोकंही बरोबर होतं. फळी मी उलटी कापली होती, आणि ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.