मूळ लेख पाहिला

माझ्या मावशीला कॉलेजात सगळे 'पाननंबर' म्हणायचे. मागून, अर्थातच. समोर म्हणायची कुणाची टाप होती? ती ग्रंथालयात प्रबंधांचे संदर्भ तपासायची. प्रबंधात दिलेला एकेक लेख शोधून काढणार, नियतकालिक खरं आहे का, छापण्याआधी लेख जाणकारांनी तपासलाय का ते बघणार, दिलेलं पान उघडणार, आणि मगच 'मूळ लेख पाहिला' हा शिक्का. आई गेल्यापासून मला तिनंच वाढवलं, पण शिक्क्याच्या बाबतीत मी तिची कुणी लागत नव्हते.

माझा प्रबंध सोमवारी द्यायचा होता. जखमा बऱ्या होण्यावरचा. दोनशे बारा संदर्भांपैकी एकावर ती अडून बसली. नेमकं माझं अख्खं तिसरं प्रकरण त्याच लेखावर उभं होतं.

"पान चारशे बारा लिहिलंयस. तो अंक तीनशे ऐंशीलाच संपतो. असा लेखच नाही."

"अगं, आणखी नऊ प्रबंधांत आहे तो."

"नऊ जणांनी एकमेकांचं बघून उतरवलंय. तू दहावी."

खरं होतं. मीही उतरवलंच होतं. तरी तिचा असा राग आला म्हणून सांगू.

तिनं ते नऊ प्रबंध टेबलावर मांडले आणि एकेक करत मागे जात राहिली. आठ बाहेरच्या कॉलेजांतले, सगळ्यात जुना मात्र आमच्याच कॉलेजातला, एकोणीस वर्षांपूर्वीचा. त्याचं शेवटचं पान तिनं उलटलं. 'मूळ लेख पाहिला.' खाली तिचीच सही. तारीख आईच्या शेवटच्या आठवड्यातली. तेव्हा ती दिवसभर दवाखान्यात असायची, मध्येच येऊन गठ्ठ्यावर शिक्के मारून परत जायची.

"गप्प बस," मी म्हटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण बघतंय?"

"तू बघितलंस ना आत्ता," ती म्हणाली. त्याच दुपारी तिनं वर लेखी कळवलं.

निवृत्तीला पाच महिने उरले होते. तेवढीही वाट न बघता तिला घरी बसवलं. त्या नऊ जणांचं काही म्हणजे काही बिघडलं नाही. माझं प्रकरण गेलं, वर्षही गेलं, आणि कितीतरी दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

यंदा प्रबंध पुन्हा दिला. मावशीच्या जागी आलेल्या माणसानं एकही लेख न उघडता शिक्का मारला. मी बघत होते. मला लाज वाटली, पण कागद उचलले आणि निघाले.

मावशी दारातच उभी होती. "उघडून बघितले ना गं त्यानं सगळे?"

"हो," मी म्हणाले.