मित्राला मामा बनवायला

शारजातल्या माझ्या घरापासून दुबईतलं ऑफिस अठ्ठावीस किलोमीटरवर आहे. सकाळी तिथे पोहोचायला सरासरी एक तास वीस मिनिटं लागतात. हा वेळ मी अकरा वर्षं एकाच माणसाशेजारी बसून घालवला. एक दिवस माझी गाडी, एक दिवस त्याची. दीड वर्षापूर्वी त्याच्या कंपनीने त्याचा विभागच बंद केला. त्याच सुमारास वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या, फ्रेंच बोलणाऱ्या गावात प्रयोगशाळेतली नोकरी मिळाली. तीन आठवड्यांत दोघं गेली. निरोप समारंभालाही तो आला नाही. तेव्हापासून गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर डबा असतो.

आमचा फोन आठवड्याला एक. "इकडे कधी येतोस?" असं विचारलं की तो म्हणायचा, "इन्शाल्ला." इथे राहणाऱ्याला या शब्दाचे दोन अर्थ पाठ असतात. मनापासून म्हटला तर देवाची इच्छा असेल तर. माझ्या मित्राने म्हटला तर, नाही, पण तू वाईट वाटून घेऊ नकोस.

मग मुलीचं लग्न जानेवारीत ठरलं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे मामा उभा राहतो, आणि माझ्या बायकोला भाऊ नाही. ती जागा कुणाला द्यायची, ही चर्चा आमच्या घरात तीन मिनिटंही चालली नाही. मुलगी म्हणाली, "काका. ऑब्व्हियसली." शाळेची बस चुकली की ती आमच्या मागच्या सीटवर बसून यायची आणि तो जॅममध्ये तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचा. मी निघालो तेव्हा तिने बजावलं, "बाबा, टेल हिम, नो इन्शाल्ला."

सप्टेंबरात मी आठ दिवसांची रजा घेऊन गेलो. तेवीस किलोची परवानगी होती, बायकोने बॅग बावीस किलो आठशे ग्रॅमची भरली. त्यात निम्मी तर भाजणी आणि मसालेच होते.

तो स्टेशनवर आला होता. दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी. बॅग माझ्या हातातून काढून घेत चालू लागला. चालताना पावलं मोजायची, ही आमची जुनी खोड. घराच्या पायरीशी थांबून म्हणाला, "बोल, किती?"

"सहाशे दहा पावलं."

"मला सहाशे चाळीस लागतात. तुझ्या तंगड्या लांब."

वहिनी साडेसातला कामावर जात. मग आम्ही दोघं ब्रेड आणायला निघायचो, नंतर नदीकाठच्या बाकावर बसायचो, घरी येऊन तो स्वयंपाक करायचा आणि मी कांदे चिरायचो. दुपारी झोप. संध्याकाळी वहिनी आल्या की पत्ते. पहिल्या चार दिवसांत मी घड्याळाकडे दोनदाच पाहिलं, तेही बटाटे उकडायला ठेवले होते म्हणून.

बेकरीत मात्र पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. आत शिरून मी ब्रेडकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं वर केली. शारजात इतक्यावर काम होतं. बेकरीवाली बाई हलली नाही. मी पुन्हा दोन बोटं दाखवली.

"आधी बोंजूर म्हण," मित्र मागून कुजबुजला. "ती त्याचीच वाट बघतेय."

मी म्हटलं. बाईचा चेहरा खुलला आणि ब्रेड मिळाला.

पाचव्या दिवशी बाकावर बसल्यावर मी विषय काढला. मामाची जागा, मुलीचा निरोप, सगळं सांगितलं. तो हसला. "म्हणजे मला मामा बनवायला आलास इतक्या लांब!"

"हो. तिकीट काढून."

मग त्याने ब्रेडची पिशवी बाकावर ठेवली. "तिकडे कुणी भेटलं की पहिला प्रश्न काय असतो, सांग."

"कुठल्या कंपनीत?"

"आणि या लग्नात माणसं किती?"

"तीनशे वीस."

"म्हणजे तीनशे वीस वेळा मी सांगायचं, कुठल्याच नाही, घरी असतो, भाजी आणतो. इथे बोंजूर म्हटलं की झालं. दीड वर्षात मला एकानेही विचारलं नाही, काय करतोस म्हणून."

अकरा वर्षं त्याच्याशेजारी बसून आणि दीड वर्ष फोनवर बोलूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा नवरीच्या मागे उभा असतो. तिथे त्याला कोण विचारणार? मामा कोण, एवढंच विचारतील."

"बघू," तो म्हणाला. "इन्शाल्ला."

"हे सोडून काहीही म्हण. नाही म्हण."

तो पिशवी उचलून घराकडे चालू लागला. पुढचे तीन दिवस मीही विषय काढला नाही. नवरीच्या मागची जागा मग रिकामीच ठेवायची, असं मी मनात ठरवून टाकलं. दुसऱ्या कुणाला तिथे उभं करणं मुलीला चाललं नसतं, आणि मलाही.

निघायच्या सकाळी आम्ही बेकरीत गेलो. मी "बोंजूर" म्हणून बाजूला झालो. तो आणि ती बाई एरवी अर्ध्या मिनिटात उरकतात, त्या दिवशी चार मिनिटं बोलत होते. मला त्यातला "दुबई" एवढा एकच शब्द कळला. बाईने ब्रेडबरोबर बदामाची दोन बिस्किटं दिली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

गाडी नऊ सत्तावीसची होती. डब्यात बॅग चढवून मी दाराशी उभा राहिलो. तो खाली फलाटावर.

"साडेबावीस," तो म्हणाला.

"काय साडेबावीस?"

"इंच. डोक्याचं माप. हिने सकाळी टेपने घेतलंय. तयार फेटा आणणार असशील तर लागेल."

मी खिशातून फोन काढून माप लिहून घेतलं. तोच पुढे म्हणाला, "बेकरीवाली विचारत होती, नवरी तुझी कोण. काका म्हणू की मामा, मला सुचेना. पण यांच्यात दोघांना एकच शब्द आहे. सुटलो."

शिट्टी झाली. "चल, येतो," मी म्हणालो.

"येतो," तोही म्हणाला.

"अरे, जाणाऱ्याने म्हणायचं असतं ते. तू 'ये' म्हण."

"मला माहितीय कुणी म्हणायचं असतं," तो म्हणाला, आणि दार बंद झालं.