सत्तेचाळीस जणांची पंगत

खोटं कशाला बोला, कुंडलिकतात्याला लग्नात नवरीपेक्षा पंगतीचं कौतुक जास्त. बेल्ह्याजवळच्या त्याच्या वाडीत कुणाकडंही जेवण असो, रांगा सारख्या झाल्याशिवाय तात्या वाढप्याला हलू द्यायचा नाही. तुटक्या रांगेतल्यांना वाढपी विसरतात, हे त्याचं ठाम मत. छत्तीस जण असले की नऊ-नऊच्या चार रांगा, पस्तीस असले की सात-सातच्या पाच. पण सदतीस नाहीतर एक्केचाळीस निघाले, की तात्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. कशानंच भाग जात नाही! शाळेत त्यांना मूळ संख्या म्हणायचे. तात्या म्हणायचा, हेकट.

हेकटावर त्याच्याकडं एकच औषध होतं. "आगं ए, ये, बस!" अशी हाक गेली, की चुलीपाशी राबणारी त्याची बायको साळुबाई पदराला हात पुसत यायची आणि पत्रावळीवर बसायची. हेकटात एक मिळवला की निदान दोन सारख्या रांगा तरी होतातच. शेजारची गोजरबाई तिला चिडवायची, "तुझी मजा हाय बाई. नवऱ्याचं गणित अडलं की तुला गरम जेवाण!"

परवा साळुबाईचंच तेरावं झालं. मांडवात शेवटची पंगत बसली. तात्या रडला नव्हता, आल्यागेल्याला नुसती मान हलवत होता. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. मुलगा भरत सांगून सांगून दमला होता. तात्या सवयीनं माणसं मोजत फिरला. सत्तेचाळीस. दोननं नाही, तीननं नाही, पाचनं नाही. सातनं भागलं तर पाच उरतात.

वाढपी गोरख भाताची परात धरून उभा. "तात्या, वाढू का? आमटी निवाया लागली."

"थांब."

"आवो, आज तरी ऱ्हाऊ द्या की."

"तिच्या जेवणाला तुटकी रांग ठिवू?"

गोरखनं परात खाली टेकवली. तात्या चुलीकडं वळला. "आगं ए, ये..."

मांडवात कुणी हललं नाही.

आमटीची बादली घेऊन गोजरबाईच पुढं आली. "मी बसले तर आमटी कोण वाढंल, भावजी? तुमीच बसा की. अठ्ठेचाळीस व्हत्यात."

आठ-आठच्या सहा. तात्यानं बोटानं दाखवलं, तशी माणसं सरकली. शेवटच्या रांगेच्या टोकाला तो बसला. आपण लावलेल्या पंगतीत तो आजवर बसला नव्हता. बसल्यावर रांगा दिसत नाहीत. शेजाऱ्याचं कोपर तेवढं दिसतं.

गोरखनं भात वाढला, गोजरबाईनं आमटी ओतली. तात्यानं कालवून घास घेतला.

"मीठ बरूबर हाय का, तात्या?" गोरखनं विचारलं.

"आसंल," तात्या म्हणाला, आणि दुसरा घास घेतला.