विहीर आणि बाव

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही. स्वतःशीसुद्धा कधी पूर्ण वाक्यात बोललेले नाही — अर्ध्यावर थांबते आणि दुसरं काहीतरी काम काढते. आज थांबायचं नाही असं ठरवून बसले आहे. बघू.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मी फार बोलणारी नाही. माझं शिक्षण मुंबईला, वसतिगृहात राहून, इंग्रजी शाळेत झालं. सुट्टीत पनवेलला घरी यायचे तेव्हा माझं मराठी पुस्तकातल्यासारखं असायचं, आणि आमच्या उताराखालच्या पाड्यातल्या बायकांना त्याची फार मजा वाटायची. हिरूला सगळ्यांत जास्त. हिरू म्हणजे आमच्याकडे दूध घालणाऱ्या चांगुणाबाईची मुलगी, माझ्याच वयाची. मी एकदा तिला "कृपया जरा थांब" म्हणाले, ते तिने पाडाभर केलं. मग मी दिसले की लांबूनच, "कुरपया मडमबाय, कुरपया!" त्यात दुष्टपणा नव्हता. पण मला घाम फुटायचा. हळूहळू मी बोलणंच सोडलं.

हे कारण म्हणून सांगत नाही. नाही — खरं तर कारण म्हणूनच सांगायला निघाले होते. राहू दे ते.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी, वैशाखात, पाड्यात मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. म्हातारी माणसं गेली. हिरू तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. चांगुणाबाईच्या जिवाला घोर लागला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती हिरूपुरतं पाणी रोज उकळायची, फडक्याने गाळून वेगळ्या कळशीत ठेवायची. त्या कळशीला घरात दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

मग आरोग्य खात्याचे एक साहेब पाणी तपासायला आले. मद्रासकडचे, मराठी नाही, हिंदी नाही. सोबतचा कारकून त्या दिवशी आला नव्हता. माझे वडील बाहेरगावी होते. मग दुभाषी कोण? मी. साहेब म्हणाले, तुझं इंग्रजी किती छान आहे. पनवेलमध्ये माझ्या बोलण्याला कुणी छान म्हटलं नव्हतं. मला — कसं सांगू — एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

त्यांनी विचारलं, आजारी घरांतली माणसं कुठलं पाणी पितात? मी चांगुणाबाईला विचारलं. ती म्हणाली, "बावंचं." मी साहेबांना सांगितलं, विहिरीचं.

आमच्या बंगल्यासमोर, चढावर, रहाट असलेली खोल विहीर होती. तिचं पाणी आम्ही आणि वरची घरं प्यायचो. उताराच्या तळाशी, दगडी पायऱ्या उतरून जायची उथळ बाव होती. पाडा तिचं पाणी प्यायचा. गावात ही दोन नावं आणि दोन पाणी. माझ्याकडच्या इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द होता. बाव म्हणजे वेगळं काही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्यांना आमच्या विहिरीवर नेलं.

ही चूक झाली. एवढीच असती तर — पण एवढीच नव्हती.

साहेब बाटलीत पाणी भरत होते. मागून बायका आल्या. हिरू पोट धरून हसायला लागली. "अगो मडमबाय, ही नाय! ही तुमची इहीर! आमी बावंचं पानी पितो, बावंचं. खाली!" सगळ्या हसल्या. साहेबांनी मान वर करून विचारलं, ती काय म्हणते?

मी म्हणाले — ती म्हणते, पाणी गोड आहे.

तोपर्यंत मला कळलं होतं. पुरतं कळलं होतं. पण ज्या माणसाने आत्ताच माझं कौतुक केलं, त्याला सांगायचं की मला माझ्याच गावातला एक शब्द कळला नाही? वाटलं, चहाच्या वेळी हळूच सांगू. बायकांना वाटलं, साहेब बावेवरही जातील. त्या कामाला निघून गेल्या.

चहाच्या वेळी काय झालं, तेही सांगते. साहेबांना स्वयंपाकघरामागे आमच्या नव्या संडासाची टाकी दिसली. वैशाखात सगळीकडे माती तडकलेली आणि टाकीभोवती तेवढं हिरवंगार गवत. ते म्हणाले, ही झिरपते आहे. मग मला विद्यार्थिनीसारखं समजावून सांगितलं — माती खोल असली तर पाणी गाळून घेते. पण इथे थोडा मुरूम आणि खाली भेगा पडलेला कातळ. भेगांतून घाण न गाळताच उताराकडे जाते. दिसत नाही, वास येत नाही, वर येतं ते पाणी स्वच्छ दिसतं. "नशीब," ते म्हणाले, "तुमची विहीर टाकीच्या वरच्या अंगाला आहे. खाली असती तर मी ती आजच बंद केली असती."

ओसरीवरून बाव दिसत होती. कुणीतरी हंडा भरत होतं.

हे समजलेली तिथे मी एकटीच होते. सोपं, स्पष्ट इंग्रजी होतं ते. मी मान डोलावली. आईने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हणाले, टाकी दुरुस्त करायला सांगतायत.

पण अजूनही ते राहिलंच आहे — ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरते आहे.

काही दिवसांनी निकाल आला, इंग्रजीत. वाचायला मलाच बोलावलं. बायका अंगणात जमल्या होत्या. मी वाचलं, पाणी पिण्यास योग्य आहे. चांगुणाबाईने विचारलं, "बावंचं पन बगितलं ना गो साहेबानं?"

मी मान हलवली. हो.

"मंग आता उकळाया नको ना? चुलीत घालाया फाटी पन सरली माजी."

मी म्हणाले, नको.

तुम्हाला दिसतंय ना? माझी चूक झाकूनही मला म्हणता आलं असतं, उकळत राहा. कुणाला काही कळलं नसतं. माझी लाज तशीच शाबूत राहिली असती. मग का नाही म्हटलं? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. उकळत राहा म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं — का? मग आणखी बोलावं लागलं असतं, त्यांच्यासमोर, माझ्या त्या मराठीत. हिरू हसायला तयारच उभी होती. एक 'नको' म्हणून मला आत जाता येणार होतं.

मी आत गेले.

मे संपायच्या आत हिरूला ताप आला. ती गेली, पोटातल्या बाळासकट. आणखीही घरांत ताप आला. वडील आल्यावर त्यांना टाकीचं सांगितलं — फक्त टाकीचं. त्यांनी ती दुरुस्त करून घेतली. पुढे रस्ता रुंद करताना बाव बुजवली. आता हे सांगून कुणाचा जीव वाचणार नाही, हे मला माहीत आहे. वाचला असता तेव्हा मी बोलले नाही.

चांगुणाबाई अजून आमच्याकडे दूध घालते. हिरूला डोहाळे लागले होते ते सुक्या मासळीचे. ताप चढायच्या आदल्या दिवशी तिने हट्ट धरला आणि चांगुणाबाईने करंजाहून आलेले सुके बोंबील तिला भाजून दिले. त्यानेच घात केला, अशी तिची खात्री आहे. तेव्हापासून तिने मासळी सोडली आहे — आगरी घरात जन्म काढलेल्या बाईने. घरच्यांना रांधून वाढते आणि स्वतः मीठ-भाकर खाते.

परवा आईजवळ बसून ती पुन्हा तेच म्हणाली. "पानी तं चांगलं व्हतं, ताई. साहेबानं लिवून दिलं व्हतं. मीच खाऊ घातलं तिला. माज्या हातानं."

आई म्हणाली, तुझा काही दोष नाही गं.

मी दारात उभी होते. चांगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातून दुधाचं भांडं घेतलं आणि आत गेले.