मांडीखालचा आरसा

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. अशा नवख्याने कुणाविषयी लिहायला बसणे हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा.

सोलापुरात भवानी पेठेत एक टोपीवाले चाचा होते. टोपी डोक्यावर बसली की गिऱ्हाईक आरसा मागे. चाचा मात्र हातआरसा मांडीखाली दाबून ठेवत आणि काहीबाही बोलून आधी त्याला हसवत. हसू फुटले की आरसा झटकन त्याच्या तोंडासमोर येई.

मी कधीच आरसा मागत नसे. देवीच्या वणांनी माझा चेहरा भरलेला आहे. पुण्याला कॉलेजात जायचे ठरले, तेव्हा टोपी घेताना मी म्हणालो, "चाचा, आरसा नको. असलं तोंड घेऊन तिथं जावंसंच वाटत नाही."

चाचांनी गंभीरपणे मान हलवली. "बराबर हाय. तू नको जा. टोपीकोच भेज. चार साल में टोपी बी.ए. हो को आई, तो मैं उसकोच सलाम करतूं."

मी खदखदून हसलो. समोर आरसा होता. वण तसेच होते, पण त्यांच्यामागे हसणारा मुलगा मला आवडला. त्याच बळावर मी पुण्याला आलो.

परवा गावाकडून चुलतभाऊ आला. चाचांची दृष्टी पार गेल्याचे त्याने सांगितले.

"मग दुकान?" मी विचारले.

"चालू हाय की! म्या गेलतो. टोपी घातली, हसलो, तर आरसा बराबर माझ्या तोंडाम्होरं."