आक्का शेवटी बोलल्या

अप्पांनी शाल पिशवीतून काढून हातावर घेतली होती. नारळ टेबलावर होता. पाहुण्यांची गाडी अजून फाट्याला पोचली नव्हती.

"अप्पा, शाल कपाटात ठेवा," मी म्हणाले.

"कामून ओ?"

"मीटिंग झाल्यावर घाला."

"पाव्हणा पुण्याहून यायलाय आन् तेला रिकाम्या खांद्यानं बसवायचं? हे काय माणुसकीचं झालं का मॅडम?"

अप्पांचं खताचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज खणखणीत, आणि संस्थेचे ते विश्वस्त. बाहेर रस्त्यावर त्यांनी पदरमोड करून बॅनरही लावला होता : निधी दिल्याबद्दल जाहीर आभार. निधी मिळालेला नव्हता. तो घ्यायचा की नाही हे ठरवायलाच आम्ही जमलो होतो.

माझं काम लहान संस्थांच्या पुढाऱ्यांसोबत चालतं. कारभार नीट लावणं, निधीसाठी प्रस्ताव लिहिणं, नवी माणसं तयार करणं. आमच्या ऑफिसात याला गव्हर्नन्स वगैरे म्हणतात. अर्थ एवढाच, की निर्णय कोण घेतं, कसा घेतं आणि तो चुकला तर जबाब कोण देतं. विश्वस्त हे संस्थेचे मालक नसतात, राखणदार असतात. हे वाक्य मी जिल्हाभर सांगत फिरते. सगळे मान हलवतात आणि मग शाल आणायला जातात.

शालीला माझा विरोध नाही. पण आमच्याकडे ज्याच्या खांद्यावर शाल टाकली, त्याच्या तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. ठराव तिथंच मंजूर होतो, सह्या मागाहून. कितीतरी संस्थांचं वाटोळं असं हारातुऱ्यांत झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून अडून बसले.

संस्था म्हणजे देवगाव फाट्यावरच्या दोन खोल्या. पुढची ऑफिसची, मागची मुलींची. आसपासच्या गावांतल्या मुली जीपनं फाट्यावर उतरतात आणि सेलूच्या कॉलेजला जायला एसटी धरतात. येताना तसंच उलटं. मधला वेळ कधी थोडा, कधी दुपारभर. पूर्वी तो रस्त्यावर काढावा लागे. पानटपरीसमोर, लोकांच्या नजरांसमोर. मग घरी कोणीतरी म्हणायचं, बस झालं कॉलेज. शांताआक्का तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी या खोल्या घेतल्या. मागच्या खोलीत पाणी, संडास, आरसा, चटया आणि आतून लागणारी कडी. बाकी काही नाही.

दिवाळीनंतर त्या रस्त्यावरून कापसाचे टेम्पो जातात. बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात आणि वाऱ्यानं सुटले की खिडकीतून आत येतात. त्या दिवशीही येत होते. एक पुंजका पंख्याखाली बराच वेळ तरंगत राहिला. खाली बसेना, वर जाईना. मी प्रस्तावाचे मुद्दे मनात म्हणत होते आणि डोळे त्याच्या मागे फिरत होते.

प्रस्ताव मीच लिहिला होता. पुण्याचा एक फंडर, म्हणजे निधी देणारी संस्था, परभणीत मुलींसाठी कौशल्य केंद्र काढून द्यायला तयार होता. इमारत, पगार, संगणक, सगळं. अट एक. फाट्यावरची जागा बंद करायची. एका संस्थेनं दोन ठिकाणी शक्ती घालवू नये, असं त्यांचं म्हणणं. खोली बंद झाली तर मुली परत रस्त्यावर येणार, हे मी बोलून दाखवलं होतं. आक्कांनी ऐकून घेतलं होतं. त्यांचे गुडघे गेले होते. "मी गेल्यावर हितं कोण बघंल?" त्या म्हणाल्या होत्या. "शहरात गेली तर संस्था जगंल तरी."

संस्था एकट्या अध्यक्षांची, म्हणजे आक्कांची, असती तर विषय तिथंच संपला असता. आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.

"आक्का, उद्या तुम्ही शेवटी बोला."

"मी अध्यक्ष हाय ना ग?"

"म्हणूनच. तुम्ही आधी बोललात की बाकीचे, आक्का म्हणतात तेच, असं म्हणून मोकळे होतात. आजवर कोणी तुमच्याविरुद्ध बोललंय?"

त्या विचारात पडल्या. "न्हाई. लय गुणाची माणसं हायत."

"गुणाची आहेत की गप्प आहेत, ते उद्या कळेल."

त्या हसल्या आणि कबूल झाल्या.

पाहुणे आले. फंडरचे अधिकारी, मध्यम वयाचे, नीट बोलणारे. बाहेरचा बॅनर वाचून त्यांचा चेहरा खुलला होता. अप्पांनी माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली, पण शाल कपाटातच राहिली. मी नियम सांगितला. सर्वांत नवा विश्वस्त आधी बोलेल, आक्का शेवटी.

सर्वांत नवी वैशाली. याच खोलीत थांबून शिकलेली, आता एसटीत कंडक्टर. ड्यूटीवरून तशीच आली होती, खाकी कपड्यांत. तिनं आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी खिडकीकडे पाहिलं. कोणी बोलेना. बाहेर एक टेम्पो गेला आणि त्याचा आवाज जिंतूरच्या दिशेनं लांब लांब होत विरून गेला. ऊन सरकून टेबलावर आलं. ती शांतता इतकी लांबली, की आपण इथं कशाला आलो आहोत हेच सगळे विसरले आहेत असं मला वाटायला लागलं.

"बोल माय," आक्का म्हणाल्या. "मी आज गप बसायची शपथ घेतलीय."

"मी हितं झोपायचे," वैशाली म्हणाली.

अधिकारी पुढे झुकले. "म्हणजे?"

"झोपायचे सर. दुपारी. आमच्या घरी पहाटं उठून पाणी भरायचं, भाकरी करायच्या, मग कॉलेज. घरी पोचलं की पुन्हा काम. पोरगी दिवसा आडवी झाली की आजारी हाय का इचारतेत. हितं आतून कडी लावली की कुणी हाक मारत नव्हतं. मला ती झोप आजून आठवती. पंख्याचा आवाज, आन् कुणाची तरी वेणी हातावर पडलेली. उठलं की कळायचंच न्हाई सकाळ हाय का सांज. मग पुस्तकातलं समजायचं."

"पण झोप हा इंडिकेटर होऊ शकत नाही," अधिकारी सौम्यपणे म्हणाले. इंडिकेटर म्हणजे काम झालं की नाही हे मोजायची खूण. "आम्हाला आमच्या बोर्डाला परिणाम दाखवावा लागतो."

"मी हाय की सर," वैशाली म्हणाली. "दाखवा."

अप्पा एवढ्या मोठ्यानं हसले की नारळ हलला.

"अप्पा, तुमची पाळी," मी म्हणाले.

"माझी कसली पाळी? मी तं बॅनर लावून बसलोय!" मग ते एकदम गंभीर झाले. "साहेब, परभणीला केंद्र काढा, लय चांगलं हाय. पण पोरगी तिथवर पोचंल कशी? हा फाटा वलांडूनच जावं लागतंय. हितली खोली बंद करून तिथं शाळा काढणं म्हंजे जिना काढून माडी बांधणं झालं. मला आदी कुणी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर बॅनरचा खर्च वाचला असता."

बाकीचे दोघे विश्वस्तही हळूहळू तेच बोलले. मग सगळे आक्कांकडे वळले. त्यांनी पदर सारखा केला.

"मी थकले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं संस्था थकली. खोली ऱ्हाऊ द्या. मला सोडा."

ठराव असा झाला : फाट्यावरची जागा सुरू राहील, अट मान्य नाही. आक्का अध्यक्षपद सोडतील, वैशाली सांभाळेल.

अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रस्ताव तर तुमचाच होता ना मॅडम?"

"लिहिलेला माझा. निर्णय त्यांचा."

अप्पांनी तेवढ्यात शाल आणून अधिकाऱ्यांच्या खांद्यावर टाकलीच. "घ्या साहेब. न्हाई म्हणलं म्हणून मान कमी करायचा नसतोय. बॅनर बी तुमचाच हाय, पण त्यो गाडीत मावायचा न्हाई." साहेबांनाही हसू आवरलं नाही. निधी मात्र दिला नाही.

निघण्याआधी मी मागच्या खोलीत डोकावले. तोंडावर ओढण्या घेऊन मुली चटयांवर पसरल्या होत्या. पंखा फिरत होता. सगळी खोली एकच श्वास घेत होती. मुलींच्या शिक्षणावर आपल्याकडे पुष्कळ भाषणं झाली, सायकली वाटून झाल्या, भिंती रंगवून झाल्या. त्यांच्या झोपेवर कोणी एक ओळ छापली नाही. दमलेल्या माणसाला समान संधी देणं ही थट्टा आहे, हे आम्ही प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी फळ्यावर लिहून ठेवायला हवं.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. "तू फंड आणायला गेली होतीस की घालवायला?"

"विश्वस्तांच्या बोर्डानं निर्णय घेतला सर."

"मग रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"तेच लिहा. बोर्डानं निर्णय घेतला."

ते म्हणाले, "पुढच्या संस्थेत जरा हळू शिकव."

खोलीच्या खर्चाचं पुढचं काम वैशालीनं अंगावर घेतलं. ती जीपवाल्यांकडे गेली. मुली घरी बसल्या तर तुमच्या जीपा रिकाम्या फिरतील, एवढंच म्हणाली. वीजबिल आणि झाडलोट त्यांनी वाटून घेतली. मग दोन जीपवाले म्हणाले, आमालाबी मीटिंगला बसवा. "जीपवाले विश्वस्त?" अप्पा आधी चमकले, मग त्यांनीच नावं सुचवली.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले की कारभार सुधारला की पहिला फटका आपल्याच प्रस्तावाला बसतो. त्याची तयारी ठेवावी.

नव्या दोघा विश्वस्तांचं ट्रेनिंग आता घ्यायचं आहे. मी दुपारची वेळ मागितली होती. वैशालीनं दिली नाही. दोन खोल्यांमधली भिंत पातळ आहे, मुलींची झोपमोड होते.